आता बहिणीला पाठव

दिवा जरा मोठा करा, मग सांगते.

मी मनोविकारांच्या दवाखान्यात संगणकांची कामं बघते. नैराश्याच्या रुग्णांसाठी आमच्या डॉक्टरबाईंनी एक प्रोग्रॅम करून घेतला होता. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत रुग्णानं त्याच्यापुढे बसायचं, तो विचारील त्याचं उत्तर द्यायचं. विचारायची सगळी वाक्यं बाईंनी स्वतःच्या आवाजात बोलून ठेवलेली. ती कापून-जुळवून मीच आत भरली होती, त्यामुळे मला तोंडपाठ होती.

त्या दुपारी एक संगणक मी घरी आणला, माझ्या थोरल्या भावासाठी. दादा पूर्वी इतका बोलका, की समोरच्याचा चहा गार व्हायचा. आता भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. "त्यानं मनातलं कुणाला तरी सांगायला हवं," बाई म्हणाल्या होत्या, "नाहीतर मला त्याची धास्ती वाटते." मला तर इतकी वाटायची, की रात्र रात्र डोळा लागत नसे.

संगणक लावला, दादाला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि दार लोटून बाहेर उभी राहिले.

आभाळ भरून आल्यामुळे घरात भरदुपारी अंधारलं होतं. बंद खोलीतला कोंदट वास दाराच्या फटीतून येत होता. बराच वेळ नुसता नळ ठिबकत राहिला. मग बाईंचा आवाज आला, "आज कसं वाटतंय?"

दादा काहीतरी पुटपुटला. पुन्हा आवाज. पुन्हा दादा, या वेळी चांगला लांबलचक. मला रडूच कोसळलं.

रुमालासाठी पिशवीत हात घातला, तर गार, चौकोनी काहीतरी लागलं. संगणकाचा स्पीकर! दवाखान्यात वाक्यं तपासून झाल्यावर मी तो काढला आणि परत जोडायलाच विसरले. संगणकाला दुसरा स्पीकर नव्हता. वाक्यं नुसती पडद्यावर उमटत असणार.

आतला आवाज मात्र चालूच होता. हळू, अगदी शेजारी बसून बोलावं तसा.

"गोळ्या कुठे ठेवल्यास?"

असं वाक्य आम्ही भरलंच नव्हतं.

"उशीच्या अभ्र्यात..." दादा म्हणाला.

"बहिणीकडे दे."

खुर्ची सरकली, दार उघडलं. दादाचा चेहरा रडून सुजला होता, पण कित्येक महिन्यांनी तो माझ्याकडे बघत होता. त्यानं माझ्या ओंजळीत मूठ रिकामी केली. न घेता साठवलेल्या झोपेच्या गोळ्या.

"मला नकोत या," तो म्हणाला. "मला बाईंकडे नेशील? आत्ता?"

"नेते रे दादा, नेते." मी त्याला घट्ट धरलं. इतकी भीती आणि इतका आनंद एकदम कधीच वाटला नव्हता.

"आणि ऐक... ती म्हणाली, आता बहिणीला पाठव. रोज जागते, तिला कुणीच विचारत नाही."

"ती कोण, दादा?"

"मला वाटलं, तूच कुणाला तरी बोलावलंयस."

त्याच्या खांद्यावरून मी आत पाहिलं. खुर्चीशेजारी गादीच्या कडेला, कुणी बसून उठावं तसा खळगा होता. आमच्या देखत तो हळूहळू भरून आला.

"आत जाऊन ये," दादा म्हणाला. "तोवर मी चपला शोधतो. कुठे आहेत, देव जाणे."

दादा आता बरा आहे. बाईंकडे नियमानं जातो, मीही जाते. पण त्या दुपारी आधी मी त्या खोलीत गेले. खुर्चीत बसले. दादानं बाहेरून दार लोटलं.

माझ्या शेजारी गादीची कड पुन्हा दबली.