मामंजींचा डाव

खोटंच सांगायचं असतं, तर मी अमावास्येची रात्र घेतली असती. पण हे घडलं भरदुपारी. हाँगकाँगच्या ताइपिंगशान वस्तीत, १८९४ च्या जूनमध्ये, प्लेगच्या साथीत. माझ्या खापरपणजीच्या डोळ्यांदेखत.

तिचं नाव क्वाय-हिंग. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे तिचे सासरे, म्हातारे मोक, गेले.

गेले म्हणजे गेलेच. तिने आणि तिच्या नवऱ्याने, आ-शिंगने, मिळून त्यांना आंघोळ घातली होती. अंग थंडगार.

रडायची सोय नव्हती. रडण्याचा आवाज गल्लीत गेला की गोरे शिपाई येत. घरात मढं सापडलं, तर मढं चुन्याच्या खड्ड्यात आणि घरचे सगळे बंदरातल्या इस्पितळाच्या जहाजावर. त्या जहाजावरून परत आलेलं माणूस वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं.

मामंजींची एकच इच्छा होती. गावच्या टेकडीवर, आईबापाशेजारी पुरा. जागा त्यांनी आधीच खणून ठेवली होती. दगडही घडवून घेतला होता. माणूस हौशी.

त्यांना चोरून गावी नेणारी नाव संध्याकाळी भरतीला सुटणार होती.

फक्त संध्याकाळ व्हायची होती...

दुपारी गल्लीच्या तोंडाशी बूट वाजले.

"आले," आ-शिंग पांढराफटक पडला. "आई, खाटेखाली सरकवूया?"

"खाटेखाली ते पहिलं बघतात, शहाण्या," सासूबाई म्हणाल्या. "खुर्चीत बसव. डाव मांड."

"डाव?"

"चार माणसं खेळताना दिसली की साथीचं घर वाटत नाही. जुगाऱ्यांचं वाटतं. सूनबाई, बघतेस काय? बस!"

हसू नका. तेव्हा त्या वस्तीत लोक हेही करायचे म्हणतात.

मामंजींना खुर्चीला बांधलं. टोपी डोळ्यांवर ओढली. समोर हाडाच्या सोंगट्या, पैजेला कलिंगडाच्या बिया. सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायची क्वाय-हिंगची ही पहिलीच वेळ. तिला त्याचीच लाज वाटत होती.

दार ढकललं गेलं. नाकाला रुमाल लावलेला साहेब. मागे दुभाष्या, पलीकडच्या गल्लीतलाच.

"आजारी कुणी?" दुभाष्याने विचारलं.

"हरणारा आजारीच दिसतो, बाबा," सासूबाई म्हणाल्या.

दुभाष्याने हे साहेबाला सांगितलं नाही.

साहेबाने आ-शिंगच्या कपाळाला हात लावला. मग क्वाय-हिंगच्या.

मग तो मामंजींकडे वळला.

खोली एकदम गप्प झाली. इतकी, की क्वाय-हिंगला सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. तिचा. नवऱ्याचा. साहेबाचा. दुभाष्याचा...

कुणाचा तरी एक कमी वाटत होता. मामंजींचा धरलाच नव्हता.

साहेब वाकला. हात पुढे केला...

टक्.

मामंजींनी सोंगटी टाकली.

"म्हातारा मारतोय डाव!" दुभाष्या खूश झाला.

साहेबाने कपाळ चाचपलं. काहीतरी बोलला.

"ताप नाही, अगदी गार आहे," दुभाष्या म्हणाला. "साहेब म्हणतात, या घरात ठणठणीत तेवढे हेच."

सासूबाईंकडे साहेबाने नुसतं पाहिलं. त्या आपल्या सोंगट्यांवर नजर रोखून बसल्या होत्या.

बूट गल्लीत लांब गेले...

"आई, सुटलो!" आ-शिंगला रडू की हसू कळेना. "आई?"

त्याने खांद्याला हात लावला. सासूबाईंच्या हातातल्या सोंगट्या एकेक करून खाली पडल्या.

ना ताप, ना गाठ. सकाळी दोन वाट्या पेज प्यायल्या होत्या.

आणि समोरच्या खुर्चीतून आवाज आला...

"कुणाची पाळी?"

संध्याकाळी नाव आली. नावाड्याने गुंडाळलेलं अंग उचलून पाहिलं. "म्हातारा सांगितला होतात ना?"

"म्हातारी आहे," आ-शिंग म्हणाला.

"एकच?"

"एकच."

"मग मला काय."

मामंजींनी खणून ठेवलेल्या जागेत सासूबाईंना पुरलं. दगडावरचं नाव तेवढं खरवडलं.

मामंजी घरीच राहिले. चहा प्यायचे. जेवायचे नाहीत. "सूनबाई" अशी हाक मारायचे. ती पेला त्यांच्या हातात कधी द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. साथ पुढेही वारंवार येत राहिली, आणि तपासणीत आमच्या घराला कधीच त्रास झाला नाही.

दर वसंतात आम्ही त्या टेकडीवर कबरी झाडायला जातो. क्वाय-हिंगची आहे. आ-शिंगची आहे. सासूबाईंची आहे.

गेल्या वर्षी मी आत्याला विचारलं, "म्हाताऱ्या मोकांची कुठंय?"

तिचा झाडू थांबला नाही. "कबर मेलेल्याची असते," ती म्हणाली. "तू तण उपट."

मग ते आहेत कुठे, हे मी विचारणार होतो.

नाही विचारलं. कारण तिला ते माहीत असावं, असं मला वाटलं.