आडवी जीप

शाळेच्या दारात जीप आडवी उभी होती, आणि तिला टेकून एक जण हरभऱ्याचे ढाळे सोलून खात होता.

"जीप बाजूला घ्या," मी म्हटलं.

"पाच मिनिटं थांबा की, बाई. घाई कुणाला हाय?"

"मला आहे."

"मंग चार ढाळे घ्या. सोलेस्तोवर निघतो."

मी घेतले नाहीत. जीपला वळसा घालून आत गेले. पाठीमागे तो हसला असावा… मी वळून पाहिलं नाही.

पंच्याण्णव साली, संक्रांत झाल्यावर, घनसावंगीतली आमची शाळा साखर कारखान्याच्या जुन्या गट ऑफिसात आली. काउंटर तोडले, फळे ठोकले, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या द्यायची खिडकी विटांनी बुजवली. पण इमारत उसासाठी बांधलेली. कुंपण नाही, दार थेट रस्त्यावर. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दारापासून हातभर अंतरावरून जायचे.

तिसरीचा वर्ग माझा. तो बसवला त्याच खोलीत, जिथे माझे वडील बावीस वर्षं चिठ्ठ्या लिहीत बसले. अण्णा ऑगस्टमध्ये गेले होते. खोली देताना मला कुणी विचारलं नाही. 

जीपवाल्याचं नाव मच्छिंद्र. तो रोज यायचा — पावणेअकराला आणि पाचला. हजेरीपट आवरून मी सहाला निघायचे, तेव्हाही जीप तिथेच.

"तुमची जीप अंबडला जात नाही का?" मी एकदा विचारलं.

"जाते की. नंबर लागला म्हंजी."

स्टँडवर जिपांची रांग असते. जिचा नंबर लागेल तिनं सीटं भरायची आणि निघायचं. रांग सोडली की पुन्हा शेवटी. हे मला ठाऊक होतं. पण आमच्या दारात उभं राहून त्याच्या नंबराचं काय होत असेल, हे काही मनात आलं नाही.

"आज वही विसरली वाटतं, बाई."

"तुम्ही माझ्या वह्या मोजता?"

"रिकामा बसून राह्यलो. दुसरं काय मोजू?"

मग एक दिवस टेबलावर ढाळ्यांची जुडी आली. मी मधल्या सुटीत भिंतीकडे तोंड करून ते खाल्ले. अण्णांना जाऊन सहा महिने झाले नव्हते, आणि मी सकाळी घातलेली वेणी सोडून पुन्हा घालू लागले होते. आरशात स्वतःकडे बघवत नव्हतं — तरी बघत होते.

शेजारच्या सोनूबाईंनी आईला सांगितलं, "सरोजिनीच्या शाळेपुढं ती जीप रोजच असती म्हणं." आई मला एवढंच म्हणाली, "वर्षश्राद्ध व्हायचंय अजून."

त्याच दुपारी मी पोलीस ठाण्याला अर्ज लिहिला. अमुक नंबरची जीप शाळेच्या दारात आडवी उभी राहते, वाट अडते, बंदोबस्त व्हावा. खाली नाव घातलं नाही. 'एक पालक' असं लिहिलं. मला मूल नाही. आणि त्याच सकाळी मी त्याच्या बोलण्यावर हसले होते.

सोमवारी जीप आली नाही. पाचला घंटा झाली, मुलं सवयीप्रमाणे सुसाट बाहेर पडली, आणि त्याच वेळी ट्रॅक्टर आला. दुसरीतल्या एका मुलीचा दंड आमच्या शिपाई द्वारकाबाईंनी धरला म्हणून ती वाचली. दप्तर मागच्या ट्रॉलीखाली गेलं. मी डबा उचलला. चपटा झाला होता, आत पोळीचा तुकडा.

"मच्छिंदर असता तर ट्रॅक्टर तिथंच थांबला असता," द्वारकाबाई धापा टाकत म्हणाल्या. "पोरांसाठी तर गाडी आडवी लावायचा. नंबर सोडून येत व्हता बिचारा. गाडी नेली ठाण्यात. कुण्या पालकानं अर्ज दिला म्हणं."

मी डबा हातात धरून उभी राहिले. मी त्याला हटवलं, ही एक लाज. आणि इतके दिवस मी समजत होते, की तो माझ्यासाठी उभा असतो… ही दुसरी. कुठली मोठी, ते ठरवता येईना.

जीप आठ दिवसांनी सुटली. शनिवारी सकाळची शाळा करून मी स्टँडवर गेले. त्याची जीप रांगेत सगळ्यात शेवटी होती. तो काच पुसत होता.

"तो अर्ज मी लिहिला होता."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"सायबानं दावला. अक्षर वळखलं." तो काच पुसतच राहिला. "घरच्या उसासाठी दहा वर्सं अण्णांच्या हातच्या चिठ्ठ्या नेल्यात आम्ही. तुमचं अक्षर बिलकुल तसंच. मला वाटलं, अण्णाच रागावले का काय."

माझी मान वर होईना.

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? जीप आडवी व्हतीच की." मग काच पुसत म्हणाला, "शाळा पाराजवळ व्हती तवा पोरं ऑफिसावरूनच जायची. अण्णा चिठ्ठीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचे. गाड्या थांबायच्या. पोरं गेली की हात आत. आता अण्णा न्हाईत, खिडकी बुजवली… मंग म्हणलं, आपण जीप लावू."

अण्णांनी घरी हे कधी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी पर्स धरून ठेवली.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं," मी म्हणाले, आणि तोंडातून गेल्यावर कान तापले.

फडकं थांबलं.

"सकाळचं पोरांसाठी व्हतं."

"आणि संध्याकाळचं?"

"पोरं पाच मिनिटात पांगत्यात, बाई. मी सहापर्यंत कुणासाठी थांबत व्हतो?"

मी पर्समधून दुसरा अर्ज काढला. शाळा भरताना आणि सुटताना जीप आडवी लावायला परवानगी मिळावी. वर मुख्याध्यापकांचा शिक्का, खाली माझी सही — सरोजिनी नरहर परतूरकर. त्यानं सावकाश वाचला.

"पालक न्हाई का या बारीला?"

"नाही."

सोमवारी तो अर्ज ठाण्यात मीच नेऊन देणार होते. पण आधी मी जीपच्या पुढच्या सीटवर बसले.

"अकरावा नंबर हाय, बाई. भरून निघेस्तोवर दीड तास जाईल."

"बसते."

"अंबडला काय काम काढलं?"

"काही नाही."

स्टँडवरच्या लोकांनी माना वळवल्या. भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या सोनूबाई थबकल्या. रिकाम्या जीपमध्ये मी एकटी, सगळ्यांच्या समोर. उठून जावंसं वाटलं… उठले नाही.

"वर्षश्राद्ध ऑगस्टमध्ये आहे. तोवर थांबावं लागेल," मी समोर बघत म्हणाले.

तो पलीकडून येऊन स्टिअरिंगपाशी बसला. "नंबर लागेस्तोवर थांबायची सवय हाय मला."

त्यानं सीटखालून ढाळ्यांची जुडी काढून माझ्या ओटीत ठेवली. या वेळी मी रस्त्याकडे तोंड करून खाल्ले.