नवव्या चौकोनातली ओल

जळालेल्या जंगलात जाताना फिकट निळी पॅन्ट घालू नये, हे वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. म्हणून मी घातली. मार्चमधली सकाळ होती आणि ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरच्या त्या डोंगरावरचं जंगल जळून सात महिने झाले होते. दुसऱ्याच पावलाला मी घसरले आणि बसल्या बसल्या वीसेक हात खाली आले... थेट एका माणसाच्या बुटांपाशी.

तो जळक्या ओंडक्यांचा बांध रचत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बांधाकडे.

"माती अडावी म्हणून घातला होता," तो म्हणाला. "बाईही अडते, हे नवीनच."

"हसायला काय झालं?"

"मी कुठे हसलो?"

खरंच हसला नव्हता. फक्त डोळे... जाऊ दे. त्याने पुसायला रुमाल पुढे केला. रुमाल माझ्याहून काळा होता.

हा अर्गिरिस. आगीपर्यंत तो राळ काढायचा. पाईनच्या खोडाला चीर द्यायची, खाली प्लास्टिकची पिशवी बांधायची, थेंब थेंब राळ जमते. आजोबांपासूनची तीनशे झाडं एका दुपारी गेली. नवीन झाड चीर द्यायच्या लायकीचं व्हायला पंचवीस वर्षं लागतात. "तेव्हा मी अठ्ठावन्नचा असेन," तो म्हणाला. "तोवर ओंडके रचतो."

मी अथेन्सहून फेलोशिपवर आले होते. आगीच्या धगीनं पाईनची फळं उकलतात, बी राखेत पडतं, हिवाळ्यात रोपं येतात. त्यातली किती जगतात ते मी मोजायचं. त्यासाठी बावीस चौकोन आखले, प्रत्येक रोपाशेजारी नंबराचा बिल्ला रोवला. नियम एकच, हात लावायचा नाही. पाणी नाही, सावली नाही, दया नाही. जंगल आपलं आपण काय करतं ते पाहायचं.

"आणि मेलं तर?" अर्गिरिसने विचारलं.

"मेलं असं लिहायचं."

"त्याचा पगार देतात?"

"फेलोशिपला पगार म्हणत नाहीत. पगारात भागतं."

या वेळी मात्र तो हसला, आणि मला त्या दिवशीची मोजणी दोनदा करावी लागली.

गावात एकच कॉफीचं दुकान, गारुफलिया मावशीचं. ती रोज विचारायची, "मुली, झाडं बरी आहेत ना?" सासरच्या माणसांची चौकशी करावी तसं. मग अर्गिरिसकडे बघून म्हणायची, "आणि तू रे? झाडं मोजायला इतकी दाढी करून जावं लागतं?"

जुलैत रोपं मरायला लागली. नऊ नंबरचा चौकोन अर्गिरिसच्या आजोबांच्या जागेत होता. तिथलं एक्केचाळीस नंबरचं रोप एका सकाळी तपकिरी पडलेलं दिसलं आणि मी, पदव्युत्तर पदवी असलेली बाई, बोटाएवढ्या रोपासाठी तिथेच बसून रडले. तेवढ्यात तो वर आला.

"कोण गेलं?"

"एक्केचाळीस."

त्याने टोपी काढली. खरंच काढली. जरा वेळाने म्हणाला, "सगळी गेली तर... तूही जाशील?"

"फेलोशिप एका वर्षाची आहे. काही विशेष सापडलं तर आणखी दोन देतात."

"विशेष म्हणजे?"

"न मरणं."

तो टोपी हातात फिरवत राहिला.

आता ऑगस्ट. इथे मला थांबायला हवं, पण सांगते. अकरा आठवडे पावसाचा थेंब नव्हता. नवव्या चौकोनात मी मातीत बोट घातलं, ते ओलं निघालं. मी ते पॅन्टला पुसलं आणि वहीत लिहिलं... 'दव'. अक्षर फार सुरेख आलं होतं.

ऑक्टोबरच्या मोजणीत एकवीस चौकोनांमध्ये दहातली तीन रोपं उरली होती. नवव्यात एक एक्केचाळीस सोडलं तर सगळी उभी. मी सिद्धांत मांडला की पडलेल्या खोडाची सावली दव धरून ठेवते. अथेन्सला रंगीत आलेख दाखवले. टाळ्या पडल्या. दोन वर्षं मिळाली. परतले तेव्हा मावशीने दुकानात मिठाई वाटली, मी सगळ्यांना आलेख दाखवला, आणि अर्गिरिस दाराशी उभा राहून खाली मान घालून ऐकत होता. का, ते मी विचारलं नाही. हेही विचारलं नाही.

फेब्रुवारीत नवव्या चौकोनात माझ्या पायाने एक दगड सरकला. खाली प्लास्टिकची पिशवी होती. राळेची. तोंडाला दुहेरी गाठ, तशी फक्त अर्गिरिसच्या घरचे मारतात. कोपऱ्यात टाचणीचं भोक. दुसरा दगड उचलला, तिथेही पिशवी. तिसरा उचललाच नाही.

पिशवी घेऊन मी बांधापाशी गेले.

"हे काय आहे?"

काजळीखालूनही तो लाल झालेला कळला. "पिशवी."

"अर्गिरिस!"

"पाण्याची पिशवी. दर तिसऱ्या दिवशी... तू पलीकडच्या उतारावर मोजायला गेलीस की गाढवावरून आणायचो. वाटलं, थेंब थेंब पाण्यानं कुणाचं काय बिघडतं?"

"माझं सगळं काम बिघडतं!"

"ते तू मावशीकडे आलेख दाखवलास तेव्हा कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू इतकी खुशीत होतीस... आणि दोन वर्षं..." त्याने हातातला ओंडका खाली ठेवला. "लाज वाटते गं. रोज वाटते."

रागावणं सोपं होतं. वाटेत मी तीन वाक्यं तयारही केली होती.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"ऑगस्टमध्ये माती ओली होती. मी बोट घातलं होतं."

"मग?"

"दव लिहिलं."

"ऑगस्टमध्ये?"

"हो."

"इथे?"

"हो रे बाबा, इथेच!"

त्याने मान हलवली. "आमचं गाढवसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

"गाढवाला इथे राहायचं नव्हतं," मी म्हणाले. "मला होतं."

बोलून गेले आणि मग बुटांच्या नाड्या बघत बसले. त्याने पुन्हा तोच काळा रुमाल पुढे केला. मी घेतला.

फोनला रेंज फक्त माथ्यावर येते. "तू सोबत चल," मी म्हणाले, "नाहीतर वर पोचेपर्यंत माझं मन फिरेल." त्याने माझा हात धरला. चढ फारसा नव्हता.

माझ्या प्राध्यापिकाबाईंना मी सगळं सांगितलं. पाणी, पिशव्या आणि दवसुद्धा.

"बाई, चूक माझी आहे!" अर्गिरिस बाजूने ओरडला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"पाणी," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "दोन वर्षं रद्द. समितीला मीच लिहीन, आणि लिहिताना मलाही लाज वाटेल. बाकी एकवीस चौकोन खरे आहेत?"

"खरे आहेत."

"मग मार्चअखेर तेवढे नीट मोज. नववा काढून टाक."

आम्ही नवव्या चौकोनातले बिल्ले उपटले. एकेक बिल्ला निघत होता आणि रोपं नुसती रोपं होत होती. पाऊस भुरभुरत होता. अर्गिरिसने एक्केचाळीस नंबरचा बिल्ला शर्टाच्या खिशात टाकला.

"तो कशाला?"

"या चौकोनात खरं बोललेलं तेवढं एकच."

मला हसू आलं, आणि हसण्याचीही लाज वाटली.

"मार्चनंतर?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"ओंडके रचायला माणसं लागतात का?"

"लागतात. निळी पॅन्ट चालणार नाही."

तो वाकून रोपांकडे पाहत राहिला. "मग आता... उघडपणे पाणी घालू?"

"पाऊस पडतोय, वेड्या."

"म्हणजे ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये," मी म्हणाले. "गाढवाला मी धरीन."