हुकातली भेग

क्रेनचा हुक तुटला आणि लोखंडी सळ्यांचा गठ्ठा थेट मुकादमाच्या अंगावर आला. फौजदारबाई पोहोचल्या तेव्हा गठ्ठ्याखालून त्याचा एक बूट तेवढा दिसत होता. बाजूला कामगार क्रेनवाल्याला लाथांनी तुडवत होते.

"सोडा त्याला! एक मुडदा पुरे नाही का झाला?" बाई कडाडल्या.

"यानंच जादा वजन उचललं!" गर्दी ओरडली.

क्रेनवाल्याचे पुढचे दात पडले होते. आरोप चिकटला तर बिचारा आयुष्यातून उठणार होता.

"गठ्ठा वर असताना मुकादम खाली कसा?" बाईंनी त्याला विचारलं.

"त्यांच्या मेहुण्यानं बोलावलं. दाजी, जरा खालून गठ्ठ्याचा पट्टा बघा, म्हणाला. हल्ली जड गठ्ठा निघाला की हाक मारायचाच."

मेहुणा म्हणजे कारखान्याचा तपासनीस. यंत्रं तपासणं त्याचं काम. तो भिंतीला टेकून उभा होता.

"हुक तपासला होतात?"

"परवाच. नुसत्या डोळ्यांनी. ठणठणीत होता."

"बारीक भेग डोळ्यांना दिसते?"

"नाही. त्याला लाल रंग फासून पुसावा लागतो. भेगेत शिरलेला तेवढा उरतो. पण तेवढा वेळ क्रेन बंद ठेवावी लागते. या हुकाला मी रंग कधीच लावला नाही."

बाईंनी हुकाचा तुकडा उचलला. जमिनीवरचं रक्त एव्हाना काळपट पडलं होतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग ताजा, चकचकीत होता. उरलेला जुना, ग्रीसनं मळका, आणि वर लालभडक.

"हे रक्त असतं तर काळवंडलं असतं, आणि चकचकीत भागावरही उडालं असतं," बाई म्हणाल्या. "हा तुझा रंग आहे. हुक तुटायच्या आधीच भेगेत शिरलेला. म्हणजे भेग तुला सापडली होती. तू ती ग्रीस चोपडून झाकलीस आणि दाजींना रोज मरणाखाली उभं केलंस."

तपासनीस धावला आणि त्या बुटावर त्यानं कचकचून लाथ हाणली.

"ताईला गुरासारखं मारायचा हा!"

"मग तक्रार करायची होतीस! क्रेनवाल्याचा जीव गेला असता आज."

"केली होती. ताई ठाण्यात आली, मी बाहेर बाकावर होतो. तिला वरखाली बघून सांगितलं, अंगावर एक वळ नाही, घरी जा. मग मी तिचा एक्स-रे काढून घेतला. तीन फासळ्या मोडलेल्या."

"कोणी बघितलं तिला?"

"तुम्हीच, बाई."

बाईंनी क्रेनवाल्याला दवाखान्यात पाठवलं. मग मान खाली घालून तपासनिसाला बेड्या घातल्या.