न पेरलेली पट्टी

आम्ही निफाडची माणसं द्राक्षाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, आणि मी तर मुळातच संशयी. मुंबईच्या एका शेटनं १९६३ साली बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या उतारावर द्राक्षं लावायला मला बोलावलं. त्या दमट हवेत वेल टिकणं अवघड, पण मी जिद्दीनं हो म्हटलं आणि बायकोला, सुगंधाला, घेऊन जवळच्या सरावली गावात खोली केली.

उतारावर पूर्वी तिथलाच एक आदिवासी, चिंतू, नाचणी करायचा. आता जमीन शेटची होती आणि तो माझ्या हाताखाली मजूर. मधली एक अरुंद पट्टी त्यानं कधीच पेरली नव्हती.

"ती आमी नाय पेरत, भाऊ. डोंगराची हाय."

चांगली जमीन पडीक ठेवणं मला बघवत नाही. मी तिथंही वेल लावले.

दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्या वेलांवर भुरीची पांढरी बुरशी पडली. पट्टीतले घड मात्र स्वच्छ, टपोरे. तिथं पाऊल टाकलं की समुद्राकडचा खारा वारा थांबायचा आणि कोरडी, गार झुळूक लागायची, आमच्याकडच्या माघातल्या पहाटेसारखी. जमीन परत मिळावी म्हणून बाकीचे वेल चिंतूनंच बिघडवले, असं मी मनाशी धरलं. पाळत ठेवली. हाती काहीच लागलं नाही.

सुगंधाला सरावलीचा उकाडा सोसायचा नाही. दुपारी माझा डबा घेऊन ती यायची आणि त्या पट्टीत बसून द्राक्षं खायची. चिंतूची बायको जिवली एकदा मला हळूच म्हणाली, "बाईला तिथं नको बसवू, भाऊ. तिला तिथलीच हवा लागंल."

"जमीन हवी म्हणून भीती घालतेस का?"

ती पाठ फिरवून निघून गेली.

मग सुगंधाला घाम येईनासा झाला. भर मे महिन्यात, पत्र्याखाली, ती घोंगडी पांघरून बसायची.

"थंडी वाजते?"

"छे हो. बरं वाटतंय."

 तिला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. नाडी ठीक, ताप नाही. डॉक्टर स्वतःच रुमालानं मान पुसत होते.

बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं.

"आजच निफाडला जाऊ," मी म्हटलं. "कायमचे."

"तिथं कशाला? आपल्या घरी जाऊ या ना," ती म्हणाली आणि डोंगराच्या दिशेनं चालू लागली.

बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती.