तीन थाऊ

"भाऊ, एका गाडीचे चार आकडे कसे असतीन, सांगा बरं?"

पवननं मान वर केली. मालेगावच्या एसटी स्टँडसमोर त्याचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान. तिथं पोरी आल्याच तर स्कूटीच्या आरशासाठी यायच्या. ही मात्र वही उघडून उभी... कानात बारीक डूल, हाताला डिझेलचा वास, आणि चेहऱ्यावर असा राग, की ते आकडे यानंच छापले असावेत.

ती मेडशीची मंजुषा. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेली. तिच्या वडिलांची, नानाजींची, जुनी जीप सहा वर्षं अंगणात मुक्काम ठोकून होती. पोरीनं तिचं इंजिन एकटीनं खोललं. आता क्रँक घासायला द्यायचा, तर बेरिंगमध्ये तेलापुरती मोकळीक किती ठेवायची, एवढ्यावर गाडं अडलं होतं. ही मोकळीक थाऊत मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मोबाइलवरच्या व्हिडिओत दीड थाऊ, अकोल्याहून आणलेल्या झेरॉक्सवर दोन, एका ॲपवर अडीच, आणि गावचा म्हातारा ग्यानबा मिस्त्री म्हणे तीन.

"ग्यानबाले विचारलं कशावरून, तं म्हने हाताले समजते. आता त्याचा हात मी वहीत कसा लिहू?"

पवनला हसू आलं. "कंपनीचं मूळ पुस्तक पायजे तुमाले. माहे मामा वर्कशॉपात होते, त्याईच्या पेटीत असन. पुढच्या शुक्रवारी या."

"पाह्यजा हं भाऊ. पाडव्यापर्यंत गाडी चालू झाली, तं मी गावच्या पोरी कॉलेजले नेईन-आनीन. नाई झाली, तं अकोटच्या पाहुण्याईले लग्नाले हो म्हनीन... असा शब्द देऊन बसली मी बाबाले."

पुस्तक दुसऱ्याच दिवशी सापडलं. पवननं पान काढून बोट ठेवलं — तीन थाऊ. म्हातारा ग्यानबा खरा निघाला होता.

शुक्रवारी ती आली. वाऱ्यानं उडालेल्या बटा मनगटानं मागे सारत म्हणाली, "आलं का पुस्तक?"

शहाण्या माणसानं काय करावं? गल्ल्याखालून पुस्तक काढून हातात द्यावं. पण हे बेणं तिच्या मनगटावरच्या काळ्या डागाकडे पाहत राहिलं. एकदा पुस्तक दिलं, की ही कायले येते पुन्हा?

"नाही ना... मामा गावाले गेले. पुढच्या शुक्रवारी नक्की."

मग काय, शुक्रवारच लागले त्याला. एका शुक्रवारी अवकाळी कोसळला. पत्र्यावर गारा वाजत होत्या, दुकानात दोघंच. तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला, वाफ चेहऱ्यावर घेतली, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "चहा चांगला करता तुमी." त्या वाक्यात भाऊ नव्हता. पवनच्या ध्यानात ते रात्री जेवताना आलं, आणि तो भाकरी हातात धरून एकटाच हसला.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर ती 'तू'वरच आली.

"तुहे मामा गावाहून येऊन नाही राह्यले, का तूच येऊ देऊन नाही राह्यला?"

"तुले एवढी घाई कायची?"

"मले पाडव्याची घाई हाय." जरा थांबून तिनं वहीचा कोपरा दुमडला. "बाकीचं... ज्याचं त्यानं बोलावं."

पवनला सगळं कळलं. तरी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. पुढच्या खेपेला पुस्तक देऊ आणि मनातलंही बोलून टाकू, असं त्यानं ठरवलं. पुस्तकाला नवं कव्हर घातलं. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आली ती पाडव्याला तीन दिवस उरले असताना, बुधवारी. तिनं गल्ल्यावर करपून निळं पडलेलं बेरिंग ठेवलं.

"दम निघाला नाही मले. व्हिडिओवाल्याचा आकडा धरला, दीड. लाखभर लोकाईनं पाह्यला होता ना. अकरा मिनिटं चाललं इंजिन... पोरी टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या. मंग जाम झालं. रॉड तुटला, ब्लॉक फोडून बाहेर आला. आता काही होत नाही त्याचं." ती खाली पाहत होती. "चुकी माहीच. तू म्हनला होता पुस्तक येते. वाट पाह्याले पायजे होती."

हे मात्र पवनला सोसलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाल्ल्या असत्या. त्यानं गल्ल्याखालून पुस्तक काढलं, पान उघडून तिच्यासमोर ठेवलं.

तिनं वाचलं. नव्या कव्हरवरून बोट फिरवलं.

"कवा आलं हे?"

"तू पहिल्यांदा आली... त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अन् ठेवून घेतलं. काहून?"

"तू येत राहशीन म्हून."

बाहेर एसटीचा कंडक्टर घंटी वाजवत होता.

"पुस्तक भेटल्यावरबी आली असती मी," ती म्हणाली. "गाडी घेऊन आली असती. रोज."

"मंजुषा, मी आजच येतो नानाजीकडे. मागणी घालतो. सांगतो सगळं, माही चुकी—"

"काय सांगशीन? चार आकडे लिहून तुह्यासमोर ठेवले होते मी. तीनवर बोट ठेवाचं होतं फक्त. पुस्तकबी नसतं देलं तं चाललं असतं." तिनं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. "माह्यावर जीव हाय तुहा, हे मले पहिल्या चहालेच समजलं होतं. माहाबी जडला. पन तुह्या शब्दावर आता मी कोनता आकडा धरू? त्याच्यापरीस बाबाले देलेला शब्द पाळते."

तिनं वही काढली. त्याच्याच पेनानं ग्यानबाच्या तीनभोवती गोल केला, पेन जागेवर ठेवलं, बेरिंग पिशवीत टाकलं. पुस्तकाला पुन्हा हात लावला नाही.

पायरी उतरून ती थांबली. पवनला वाटलं, वळेल.

ती वळलीही.

"येते, पवनभाऊ," ती म्हणाली, आणि एसटीत चढली.