पानखोलचे तीन ठोके

सुनेत्रा बोडकेला आपल्या कामाचा जरा जास्तच अभिमान होता. साताऱ्याच्या भूकंपन संग्रहात दोनशे बारा केंद्रांच्या नोंदी होत्या, म्हणजे जमिनीच्या बारीकसारीक कंपांचा पन्नास वर्षांचा इतिहास. तो सगळा तिनं दीड वर्षात साबणाच्या वडीएवढ्या काचेच्या ठोकळ्यात बसवला होता. पूर्वी त्याला तीन खोल्या लागायच्या. आता त्यातल्या एका खोलीत कॅरम मांडला होता आणि जेवणाच्या सुट्टीत तिथं चांगलीच गर्दी व्हायची.

ही किमया घडीकाराची. घडीकार म्हणजे नोंदींची घडी घालणारी संगणकप्रणाली. साडीची घडी घातली तरी साडी तेवढीच राहते, फक्त जागा कमी लागते, तसंच हे, असं सुनेत्रा बघायला येणाऱ्या शाळकरी मुलांना सांगायची. ते अर्धंच खरं होतं. घडी घालण्याआधी घडीकार नोंदी चाळायचा. भूकंपाच्या कामाचं ते ठेवायचा. जवळून गेलेला ट्रक, वाऱ्यानं हललेलं झाड, यंत्राची स्वतःची थरथर, असा सगळा गोंगाट टाकून द्यायचा. काय टाकायचं याची यादी तो आधी माणसापुढे ठेवायचा, आणि तो माणूस म्हणजे सुनेत्रा. घडी तपासून झाली की मूळ फायली पुसल्या जायच्या.

२०४३ सालच्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी जानू झोरे तिच्यासमोर येऊन बसले. वय ऐंशी, पाठ ताठ, हातात ग्रामपंचायतीचं पत्र. पाटणच्या डोंगरातल्या पानखोल केंद्रावर त्यांनी १९९६ ते २०२१ अशी पंचवीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. त्यांचं घरही पानखोललाच. पत्रात लिहिलं होतं की गावावरच्या डोंगराला भेगा पडल्या आहेत. उपग्रहाची मोजणी सहाच वर्षांची, त्यामुळे भेगा वरवरच्या की खोल ते ठरेना. पुनर्वसन समितीचा नियम असा, की डोंगर निदान वीस वर्षं सैल होत आल्याचा पुरावा असेल तरच गाव हलवायचं. समितीची बैठक सोमवारी होती आणि पाऊस दोन महिन्यांवर. एक्केचाळीस घरांना जायचं की राहायचं ते कळायला हवं होतं, आणि भेगेखालचं पहिलं घर झोऱ्यांचं होतं.

सुनेत्रानं त्यांना चहा मागवला आणि चहा यायच्या आत पंचवीस वर्षांच्या नोंदी भिंतीवर उघडून दाखवल्या. या फायली आता कुठल्याही देशातल्या कुठल्याही प्रणालीत उघडतात, हेही तिनं सांगून टाकलं. झोऱ्यांनी चष्मा सारखा केला आणि दोन हजार पाच सालचा कुठलाही दिवस, सकाळी दहाची वेळ, दाखवायला सांगितलं. रेघ सपाट होती. मग दोन हजार बारा. तीही सपाट.

"बाई, माझं ठोकं कुठं हायती?" झोऱ्यांनी विचारलं.

कसले ठोके ते सुनेत्राला कळेना, तेव्हा त्यांनी सावकाश समजावलं. केंद्र उभारणाऱ्या साहेबांनी त्यांना एक काम लावून दिलं होतं. रोज दहाला रेडिओची वेळ लागली की केंद्राच्या आवारातल्या लोखंडी पाटावर घणाचे तीन ठोके द्यायचे. यंत्र जागं आहे आणि त्याचं घड्याळ बरोबर आहे, एवढं त्यातून कळायचं. ठोका रोज सारखाच पडावा म्हणून झोऱ्यांनी घण दोरीला टांगला होता. ठरलेल्या खुणेपर्यंत ओढायचा आणि सोडून द्यायचा. घरात लग्न असलं तरी आधी ठोके, मग अक्षता. गावातल्या बायका ते ठोके ऐकून भाकरीचा तवा चढवायच्या.

सुनेत्रानं पानखोलची जुनी यादी काढली. चौदाव्या ओळीत घडीकारानं लिहिलं होतं: रोज दहा वाजता एकसारखे तीन धक्के, सुमारे नऊ हजार दिवस, निसर्गात असं होत नाही, वगळावे का? आणि त्यापुढे तिचं स्वतःचं 'होय'. यंत्राचा दोष समजून तिनं ते दोन सेकंदांत उडवलं होतं. तिला मनापासून लाज वाटली. या माणसाची पंचवीस वर्षं तिनं गोंगाटात टाकली होती आणि तो समोर बसून बशीतून चहा पीत होता.

लाजेच्या मागोमाग तिच्या डोक्यात आणखी काहीतरी आलं आणि ती उठून संचालकांच्या खोलीत गेली. डॉ. तांबोळींनी आधी तिचीच समजूत घातली. तपासणीचे ठोके म्हणजे गोंगाटच, त्यांनी सांगितलं, त्यात भूकंप कुठून असणार? सुनेत्रानं कागदावर डोंगर काढला. वर केंद्र, अर्धा किलोमीटर खाली शाळेजवळ याच केंद्राचं दुसरं यंत्र. वरचा ठोका खालच्या यंत्रातही उमटत असणार. जमीन घट्ट असेल तर तो झटकन पोचेल. आत भेगा पडल्या असतील तर रेंगाळेल. एकाच जागी, एकाच जोराचा, पंचवीस वर्षं रोज. तांबोळी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी विचारलं, मूळ फायली कुठे आहेत?

पानखोलच्या मूळ फायली तीन आठवड्यांपूर्वीच पुसल्या होत्या; बाकीच्या केंद्रांची पाळी अजून यायची होती.

उरली होती एकच जागा. जुन्या काळी केंजळे नावाचे एक गृहस्थ संग्रह सांभाळत. २०२२ मध्ये निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी सगळ्या केंद्रांच्या तोवरच्या फायली आपल्या पद्धतीनं दाबून ठेवल्या होत्या. त्यांची प्रणाली त्यांच्या संगणकाबरोबर भंगारात गेली आणि केंजळेही पुढे वारले. त्यांच्या फायली कशातच उघडेनात, म्हणून त्यांच्यावर 'अवाच्य' असा शिक्का होता. जे उघडत नाही ते तपासता येत नाही आणि जे तपासलं नाही ते पुसायचं नाही, या नियमामुळे त्या वाचल्या होत्या. नियमाला अपवाद करून त्या पुसायची खास परवानगी सुनेत्राच्याच सहीसाठी पडून होती. आळस केला म्हणून ती पहिल्यांदाच स्वतःवर खूश झाली.

बुधवार नुसता डोकं आपटण्यात गेला. फाईल उघडली की सुरुवातीला दोन पानं कचरा दिसायचा: रोमन अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले स्वर, मध्येच पौंडाचं चिन्ह. घडीकार त्याला 'खराब झालेला भाग' म्हणून सोडून द्यायचा आणि पुढचं काही त्याला लागायचं नाही. गुरुवारी सकाळी सुनेत्रा तो कचरा मुकाट्यानं बघत बसली आणि तिला वडिलांचं कराडचं दुकान आठवलं. वडील लग्नपत्रिका छापायचे. गिऱ्हाईक दुसरीकडून मजकूर आणायचं आणि तो फाँट दुकानात नसला की पडद्यावर हुबेहूब असाच कचरा यायचा. तो कचरा नव्हता, मराठीच होती. तीस वर्षांपूर्वीच्या फाँटमधली, जो आता कुणाकडे नव्हता.

वडिलांनी जुनी हार्ड डिस्क अजून कपाटात ठेवली होती. दुपारपर्यंत फाँट मिळाला आणि पडद्यावर केंजळे बोलायला लागले.

'ही फाईल पुढे जो कोणी उघडेल त्यास नमस्कार. माझी प्रणाली तुमच्याकडे असेल अशी आशा नाही. म्हणून दाबण्याची रीत खाली साध्या मराठीत लिहिली आहे. त्यावरून कोणत्याही यंत्रावर नवी प्रणाली लिहिता यावी. यातले काहीही टाकलेले नाही. काय टाकावे हे ठरवण्याइतके मला समजत नाही.'

शेवटचं वाक्य सुनेत्रानं तीनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले, आणि खोलीत तांबोळी होते तरी तिनं ते लपवले नाहीत.

रीत खरोखरच साधी होती. शुक्रवारी सकाळी फाईल उलगडली आणि सगळे ठोके जागच्या जागी सापडले. पाणी मुरलं की जमिनीची चाल बदलते, म्हणून तिनं एप्रिलची तुलना फक्त एप्रिलशी केली. १९९६ मध्ये ठोका पाव सेकंदात खाली पोचत होता. २०२१ पर्यंत त्यात सेकंदाच्या दोन शतांशांची भर पडली होती. वर्ष जाईल तशी थोडी थोडी, न चुकता. डोंगर आतून सैल होत होता आणि पुरावा पंचवीस वर्षांचा होता.

पुढच्या बावीस वर्षांचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं, कारण निरीक्षक निवृत्त झाले तेव्हा ठोकेही थांबले होते. म्हणून शनिवारी सुनेत्रा, तांबोळी आणि झोरे पानखोलला गेले. लोखंडी पाट करवंदीच्या जाळीत होता. झोऱ्यांनी घण टांगला, बरोबर दहाला खुणेपर्यंत ओढला आणि सोडला. खालच्या यंत्रानं आकडा दिला. आधीच्या पंचवीस वर्षांत ठोका जेवढा मागे पडला होता, त्याच्या दुप्पट तो या बावीस वर्षांत पडला होता.

झोरे बराच वेळ घणाची दोरी गुंडाळत राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. घर त्यांनी स्वतः बांधलेलं होतं. पण सोमवारी समितीपुढे कागद ठेवला तेव्हा त्यांचाच आवाज सगळ्यांत ठाम होता. अर्ध्या तासात ठरलं: पावसाआधी एक्केचाळीस घरं खोऱ्यापलीकडच्या सपाटीवर हलवायची. बैठकीबाहेर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि सुनेत्रालाही दोन-चार जणींनी कवटाळलं. त्याच संध्याकाळी तिनं इतर दोनशे अकरा केंद्रांच्या मूळ फायली पुसणं थांबवलं आणि केंजळ्यांच्या फायलींवरचा 'अवाच्य' हा शिक्का काढला.

मे महिन्यात ती नवी जागा बघायला गेली. पाया खणणं चाललं होतं. झोऱ्यांची सून सारिका ग्रामपंचायतीची सदस्य. तिनं सुनेत्राला सगळीकडे फिरवलं, पाण्याची टाकी कुठे येणार, शाळा कुठे, ते दाखवलं. मग ती थांबली.

"मॅडम, ही जमीन कुणी ठोकून बघितलीय का?"

सुनेत्रानं खरं तेच सांगितलं. वरवरची तपासणी झाली होती आणि ती चांगली आली होती; पण वर्षानुवर्षांचे ठोके इथं कुणीच दिले नव्हते.

"मग पाट आम्ही उद्याच बसवतो. मामंजी शिकवतील, पुढं मी देईन, मग पोरी देतील," सारिका म्हणाली. "पण खरं काय ते कळायला पंचवीस-तीस वर्षं जाणार. तवर तुमच्या फायली उघडतील का?"